नऊ महिने टक्क्यांशेजारी इंटरव्हल लिहून पाहिल्यावर

आमच्याकडे प्रशिक्षण घेऊन गेलेल्या लोकांचं दर तिमाहीला सर्वेक्षण होतं. काही हजारांच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी ७०० नावं निवडायची, प्रश्न पाठवायचे आणि साधारण ४०० उत्तरं आली की टक्के काढायचे. वर्षानुवर्षं अहवालात नुसते टक्केच जात होते. एका तिमाहीत ‘समाधानी’ म्हणणारे ५२ वरून ५६ टक्के झाले. त्या चार टक्क्यांच्या भरवशावर एक जुना, नीट चाललेला वर्ग बंद करून नव्या पद्धतीचा वर्ग वाढवला. पुढच्या फेरीत आकडा परत ५२ वर आला. तो अहवाल मीच लिहिला होता आणि त्या वर्गाच्या शिक्षिकेला निर्णय कळवायलाही मलाच जावं लागलं होतं. तेव्हापासून, म्हणजे गेले नऊ महिने, प्रत्येक टक्क्याशेजारी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहिते, म्हणजे सॅम्पलवरून (निवडलेल्या लोकांच्या उत्तरांवरून) काढलेला असा पट्टा, की या पद्धतीने काढलेल्या शंभरातल्या साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा असतो. आणि बदलाबद्दल बोलण्याआधी टेस्ट करते, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासते.

आधी इंटरव्हलबद्दल सांगते, कारण रोज उपयोगी पडला तो हाच. ४०० उत्तरं असतील आणि टक्का पन्नाशीच्या आसपास असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे ४.९ टक्के सोडावे लागतात. १,००० उत्तरांना ३.१. ही रुंदी निम्मी करायची तर उत्तरं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. ते ५२ आणि ५६ मी नंतर पुन्हा मांडले. फरक चार टक्क्यांचा, पण त्याचा इंटरव्हल उणे २.९ पासून अधिक १०.९ पर्यंत. शून्य त्यात आरामात बसतं, म्हणजे खरं तर काहीच बदललं नसेल हेही शक्य होतं. ही एक ओळ अहवालात असती तर तो वर्ग बंद झाला नसता, असं मला मनापासून वाटतं.

गटवार तक्ते वाचायची सवयही यामुळे बदलली. एका गटातून ४० जणांचीच उत्तरं येतात आणि त्यातले ४५ टक्के समाधानी निघतात. नुसतं ४५ वाचलं की त्या गटाच्या प्रमुखाला जाब विचारला जातो. शेजारी ‘३० ते ६०’ लिहिलं की खोलीतला आवाज आपोआप खाली येतो.

छोट्या टक्क्यांना मात्र इंटरव्हलचं नेहमीचं सूत्र लावू नका. ५० पैकी दोघांची तक्रार असेल तर त्या सूत्राने इंटरव्हल उणे १.४ पासून सुरू होतो, आणि उणे टक्के माणसं तक्रार करत नाहीत. तिथे विल्सनची १९२७ सालची पद्धत वापरते. तिने १.१ ते १३.५ येतं आणि ते पटतं. तक्रार एकही नसेल तर तीनला उत्तरांच्या संख्येने भागायचं. ६० पैकी शून्य म्हणजे खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंतही असू शकतं. ‘तक्रार नाही’ असं लिहिणं तेव्हापासून बंद केलं.

टेस्टशी जमायला जास्त वेळ लागला. पहिली चूक अशी की दोन फेऱ्यांचे इंटरव्हल शेजारी ठेवायचे आणि ते एकमेकांवर चढले की ‘फरक नाही’ म्हणायचं. आमचंच उदाहरण घ्या. एका फेरीत ५२ टक्के (४७.१ ते ५६.९), नंतरच्या एका फेरीत ६० (५५.२ ते ६४.८). मधला पट्टा सामाईक आहे, म्हणून मी बदल झाला नाही असं लिहूनही टाकलं होतं. मग फरकाचाच इंटरव्हल काढला. तो १.१ ते १४.९ आला, म्हणजे शून्य बाहेर राहिलं, आणि टेस्टमधून येणारा आकडा, पी-व्हॅल्यू (अर्थ पुढे सांगते), ०.०२३ च्या आसपास. फरकाबद्दल बोलायचं तर फरकाचाच इंटरव्हल काढावा, दोन वेगळे इंटरव्हल नजरेने जुळवून भागत नाही.

दुसरी चूक एका वेगळ्या पाहणीत झाली. तिथे तेच लोक वर्गाआधी आणि वर्गानंतर विचारले होते, आणि मी दोन स्वतंत्र सॅम्पलची टेस्ट लावून बसले. तीच माणसं असतील तर जोडीची टेस्ट लागते. होय-नाही उत्तरांसाठी मॅकनेमारची. कोण ‘नाही’वरून ‘होय’कडे गेलं आणि कोण उलट आलं, एवढंच ती बघते.

पी-व्हॅल्यूचा अर्थ सहकाऱ्यांना समजावण्यात सगळ्यात जास्त संध्याकाळी गेल्या. ०.०२३ म्हणजे ‘बदल खोटा असण्याची शक्यता २.३ टक्के’ नव्हे. खरोखर काहीच बदललं नसतं तरी निव्वळ सॅम्पलच्या चढउताराने एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, याचं ते उत्तर आहे. शिवाय आमच्या प्रश्नावलीत २० प्रश्न. काहीच बदललेलं नसताना वीस स्वतंत्र टेस्ट ५ टक्क्यांच्या पातळीवर केल्या (म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की ‘बदल’ मानला) तर किमान एक तरी ‘बदल’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणून मुख्य प्रश्न कोणता हे आता उत्तरं यायच्या आधी लिहून ठेवते. बाकीच्यांसाठी पातळी कडक करते.

‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेणं हे मला सगळ्यात घातक वाटतं. समाधान खरोखरच ६० वरून ६५ टक्के झालं असेल तर दोन्ही फेऱ्यांत ४००-४०० उत्तरं घेऊन ते पकडलं जाण्याची शक्यता जेमतेम ३१ टक्के आहे. दहातल्या सात वेळा आम्ही चांगल्या कामाला ‘परिणाम शून्य’ म्हटलं असतं. ही शक्यता ८० टक्क्यांवर न्यायला प्रत्येक फेरीत सुमारे १,४७० उत्तरं हवीत. हे गणित पहिल्यांदा मांडलं त्या दिवशी मी मागचे सगळे अहवाल काढून ‘परिणाम नाही’ असं लिहिलेली वाक्यं शोधत बसले होते.

आता या साधनांना जे दिसत नाही ते. ७०० पैकी ३०० जण गप्प राहतात. ४०० पैकी २४० समाधानी, म्हणजे ६० टक्के, इंटरव्हल ५५ ते ६५. पण ते ३०० सगळेच नाराज असतील तर खरा आकडा ३४, सगळेच खूश असतील तर ७७. इंटरव्हल फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाचा हिशोब ठेवतो, गप्प बसलेल्यांचा नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रं पाठवली, जवळपास २४ लाख परत आली आणि त्यावरून रूझवेल्टविरुद्ध उभ्या असलेल्या लँडन यांना ५७ टक्के मतं मिळतील असं छापलं. इंटरव्हलच्या सूत्राने त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना फक्त ०.०६ टक्के सोडावे लागतात. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन जिंकले.

म्हणून गेल्या फेरीत मी गप्प राहिलेल्यांपैकी काहींना स्वतः फोन केले. एकीने सांगितलं, “वर्ग अर्ध्यातच सोडला, मग समाधान विचारणाऱ्या कागदावर मी काय लिहू?” तिच्यासारखे आणखीही निघाले. आमची प्रश्नावली वर्ग पूर्ण केलेल्यांनाच समोर धरून लिहिलेली होती, आणि हे कुठल्याही टेस्टमधून मला कधीच कळलं नसतं.

त्यानंतर सर्वेक्षणाबद्दलची माझी मागणी बदलली. चारऐवजी वर्षाला दोनच फेऱ्या, प्रत्येकीत ८०० उत्तरं. इंटरव्हलची रुंदी दोन्ही बाजूंना साडेतीन टक्क्यांवर येईल, ५ टक्क्यांचा बदल पकडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी वर जाईल. १,४७० पर्यंत आम्ही पोचणार नाही, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर ते लिहायचं ठरलं आहे. दोन फेऱ्या कमी झाल्याने वाचणारे दिवस फोनसाठी राखून ठेवलेत. प्रश्नावलीत पहिला प्रश्न आता ‘वर्ग पूर्ण केलात का?’ हा आहे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांसाठी वेगळं पान.