चंदन, रोशा, लवंग : तेलाची भेसळ पकडायला कोणतं मोजमाप घ्यावं?

घरगुती साबण, अगरबत्ती किंवा मसाज तेलाचा धंदा सुरू केला की पहिलं अर्धा किलो तेल वासावर घेतलं जातं. दुसऱ्या लॉटला शंका येते आणि मग प्रश्न पडतो: यंत्र घ्यायचं तर कोणतं? घनतेची बाटली, रिफ्रॅक्टोमीटर (तेलात प्रकाश किती वाकतो, म्हणजे अपवर्तनांक, मोजणारं यंत्र), पोलॅरिमीटर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश तेलातून जाताना किती अंश वळतो ते मोजणारं यंत्र), की काही न घेता सरळ प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा?

माझं मत आधीच सांगतो. कुठलंच मोजमाप सगळ्या तेलांना पुरत नाही. आकडा चुकला तर काहीतरी गडबड आहे असं म्हणता येतं, पण आकडा बरोबर आला म्हणून तेल शुद्ध ठरत नाही. शुद्ध तेलाच्या आकड्यांचा तोच तक्ता भेसळ करणाऱ्याकडेही असतो. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी आपण कोणतं तेल घेतो आणि त्यात काय मिसळलं जाऊ शकतं, हे बघावं.

चंदनतेलापासून सुरुवात करू. सँटालम अल्बमच्या, म्हणजे आपल्या भारतीय चंदनाच्या, तेलाची सापेक्ष घनता 20 अंशांना साधारण 0.968 ते 0.983, अपवर्तनांक 1.503 ते 1.508 आणि ध्रुवित प्रकाशाचं वळण उणे 15 ते उणे 21 अंश असतं. आता त्यात एरंडेल मिसळलं असं धरा. एरंडेलाची घनता 0.96 च्या आसपास, म्हणजे चंदनाला जवळजवळ खेटून. वीस टक्के एरंडेल घातलं तरी घनतेची बाटली 0.971 दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. रिफ्रॅक्टोमीटर मात्र फसत नाही. एरंडेलाचा अपवर्तनांक 1.478 च्या आसपास असल्याने मिश्रणाचा आकडा 1.500 वर घसरतो.

म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर जिंकला? थांबा. अत्तर-सुगंधाच्या धंद्यात डीईपी हे पातळ करायचं द्रव्य सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण नाव डायइथाइल थॅलेट. त्याला रंग नाही, वास जवळपास नाही, आणि अपवर्तनांक 1.502, म्हणजे चंदनाच्या अगदी शेजारी. दहा टक्के डीईपी घातलेलं चंदनतेल रिफ्रॅक्टोमीटरखाली 1.505 किंवा 1.506 दाखवेल. अल्कोहोलमध्येही ते मुकाट्याने विरघळेल. इथे घनतेची बाटली कामाला येते: डीईपीची घनता 1.118, त्यामुळे मिश्रण 0.988 वर जातं आणि पकडलं जातं. एका यंत्राची आंधळी बाजू दुसऱ्याला दिसते, म्हणून चंदनासाठी ही दोन्ही जोडीनेच घ्यावीत.

तरीही हुशार माणूस वाट काढतो. सहा टक्के डीईपी आणि सहा टक्के एरंडेल एकत्र घातलं तर एक घनता वर ओढतं आणि दुसरं अपवर्तनांक थोडासाच खाली आणतं. 0.974, 1.506 आणि उणे 18 असे आकडे असलेलं तेल घेऊन कागदावर सरासरी काढा: घनता 0.982, अपवर्तनांक 1.504, वळण उणे साडेपंधरा. तिन्ही आकडे मर्यादेत आणि तेलात बारा टक्के भेसळ! हे घरच्या घरी पकडण्याची आशा फक्त विद्राव्यतेच्या चाचणीत. शुद्ध चंदनतेल पाचपट 70 टक्के अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळतं. एरंडेल तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण सत्तर टक्क्यांत नाही. त्यामुळे द्रावण गढूळ व्हायला हवं.

रोशा तेलाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या जवळचीही आहे. रोशा गवत खानदेश-सातपुड्यात पूर्वापार उगवतं. त्याचं तेल, म्हणजे पामारोझा, मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जाई आणि तिथे बल्गेरियाच्या गुलाब अत्तरात मिसळलं जाई. दोन्हींत जिरॅनिऑल हा गुलाबाच्या वासाचा घटक असल्याने वास जुळतो. गंमत म्हणजे या भेसळीच्या मालातही वाटेत टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल घातलं जाई. (चोरावर मोर म्हणतात ते हेच.) रोशाची घनता 0.880 ते 0.894, अपवर्तनांक 1.471 ते 1.478. टर्पेंटाइनचा अपवर्तनांकही 1.47 च्या घरातला, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर काहीच सांगत नाही. घनता 0.86 असली तरी वीस टक्के मिसळल्यावर मिश्रण 0.882 वर येतं आणि तेही मर्यादेतच बसतं. दोन्ही यंत्रं घेऊन बसलात तरी हात रिकामेच! पण रोशा दुप्पट-तिप्पट 70 टक्के अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळतं; टर्पेंटाइन किंवा रॉकेल घातलेलं तेल गढूळ होतं. खोबरेल असेल तर थंडीत ते गोठतं आणि उघडं पडतं. रोशा विकत घेणाऱ्याने यंत्रावर पैसे घालण्याआधी एक मोजनळी आणि योग्य तीव्रतेचं अल्कोहोल मिळवावं.

हे अल्कोहोल मिळवणंच अवघड जातं. इथेनॉलला परवाना लागतो, म्हणून लोक सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिलने चाचणी करतात. तसं करू नका. तक्त्यातले आकडे इथेनॉलचे आहेत. सॅनिटायझरच्या जेलमध्ये तर शुद्ध तेलही गढूळ दिसेल. शिवाय विरघळलं नाही म्हणजे भेसळच, असंही नाही. जुन्या गवती चहाच्या तेलात मायर्सीन या घटकाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन विद्राव्यता घटते. असं तेल शिळं असतं, खोटं नसतं.

आता यंत्रांबद्दल. घनतेची बाटली, म्हणजे पिक्नोमीटर, सगळ्यात स्वस्त. पण हजारांश ग्रॅम दाखवणारा तराजू हवा, नाहीतर बाटली घेऊन उपयोग नाही. दहा मिली तेल लागतं आणि ते परत मिळतं. अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर महाग, पण दोन थेंबांत मिनिटभरात आकडा देतो, आणि शुद्ध पाण्याच्या 1.3330 वर (20 अंशांना) तपासून घेता येतो. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्या खिशात असतो तो साखर मोजणारा ब्रिक्स मीटर मात्र चालणार नाही. 0 ते 32 ब्रिक्सचा पट्टा 1.384 लाच संपतो, आणि आपल्या तेलांचे आकडे 1.45 च्या पुढेच सुरू होतात.

सगळ्यात जास्त गफलत तापमानात होते. युरोपीय तक्ते 20 अंशांचे, भारतीय मानकांत बऱ्याचदा 27 अंश, आणि मे महिन्यात जळगावच्या खोलीत पारा 35 च्या वर. अपवर्तनांक दर अंशामागे साधारण 0.0004 ने उतरतो. 20 अंशांना 1.505 असलेलं अस्सल चंदन 35 अंशांना 1.499 दाखवेल, आणि तुम्ही बिचाऱ्या विक्रेत्यावर खटला भराल. तापमान लिहिल्याशिवाय आकडा वहीत घेऊच नका.

पोलॅरिमीटर लहान धंद्याने विकत घेऊ नये, असं मला वाटतं. तो महाग असतो, आणि चंदनात दहा टक्के निष्क्रिय, म्हणजे प्रकाश न वळवणारं, द्रव्य घातलं तरी वळण उणे 18 वरून उणे 16 वर येतं, म्हणजे मर्यादेतच राहतं. बियो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाला 1815 साली हे वळण द्रवात पहिल्यांदा दिसलं तेही टर्पेंटाइनमध्ये, हा एक योगायोगच. मात्र संत्र्याचं तेल घेत असाल तर त्याचं वळण अधिक 94 ते 99 इतकं मोठं असतं, आणि तिथे पाच-दहा टक्के गडबडही लगेच दिसते. लॅव्हेंडरमध्ये कृत्रिम लिनालूल (त्यातल्याच एका सुगंधी घटकाची कारखान्यातली नक्कल) घातलं तर वळण शून्याकडे सरकतं. ते घनता किंवा अपवर्तनांक दाखवणार नाहीत. अशा तेलांसाठी बाहेरून चाचणी करून घ्यावी.

लवंग तेल घेणाऱ्याला मात्र यातलं फारसं काही लागत नाही. घनता 1.04 च्या वर, म्हणून थेंब पाण्यात तळाशी जातो. त्यात पॅराफिन किंवा टर्पेंटाइन भरपूर घातलं तर थेंब वर तरंगतो. कागदावर डाग राहतो का ही चाचणी निलगिरीला बरी, पण चंदन-वाळ्याला फसवी. ही जड तेलं शुद्ध असूनही डाग दिवसभर सोडत नाहीत.

विंटरग्रीनच्या बाबतीत यातलं जवळपास काहीच चालत नाही. ते तेल जवळपास पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट आहे, आणि कारखान्यातलंही तेच. घनता 1.18, अपवर्तनांक 1.536, दोन्हींचे आकडे सारखेच येतात. वळणात अर्ध्या-एका अंशाचा फरक काय तो. त्यासाठी, आणि चंदनातल्या पाच टक्के डीईपीसाठीही, गॅस क्रोमॅटोग्राफीच, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणीच, हवी. कनौजच्या सुगंध आणि स्वाद विकास केंद्रासारख्या ठिकाणी ती करून मिळते. चंदनाचा मोठा लॉट घेताना हा खर्च करावा. रोशा-निलगिरीच्या प्रत्येक डब्यामागे नको.

माझी खरेदी अशी असती: आधी तराजू आणि पिक्नोमीटर, मग परवाना मिळाल्यास अल्कोहोल, चंदन घेत असेन तर अ‍ॅबे. आणि प्रयोगशाळेत खरा ठरलेल्या पहिल्या लॉटची शंभर मिलीची तपकिरी बाटली, काठोकाठ भरून, फ्रिजमध्ये. पुढच्या लॉटचे आकडे छापील तक्त्याशी नाही, त्याच दिवशी, त्याच तापमानाला, त्या बाटलीशी ताडून बघायचे.