बंद टाकीची लेव्हल: डीपी ट्रान्समीटर की रडार?

०.८ घनतेचं सॉल्व्हंट, ३ मीटर उंची: डीपीची (डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे टाकीच्या तळाच्या आणि वरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या ट्रान्समीटरची) रेंज ० ते २४०० मिमी पाणी-स्तंभ. डीपी स्वस्त, पण तो उंची नाही, दाब मोजतो. सॉल्व्हंट तापून घनता ०.७५ झाली, की भरलेली टाकीही २.८१ मीटर दाखवते. खरा घात करते एलपी (कमी दाबाच्या) बाजूची, टाकीच्या वरच्या भागातून येणारी कोरडी नळी. वाफ थंड होऊन तिच्यात ३०० मिमी द्रव साचला, की लेव्हल १० टक्के कमी दिसते आणि टाकी ओतू जाते. नळी नियमित ड्रेन करा, नाहीतर मुद्दाम पूर्ण भरून वेट लेग करा आणि रेंज उणे बाजूला सरकवा.

रडार वरून लहरी सोडतो आणि द्रवावरून परतणाऱ्या इकोवरून लेव्हल मोजतो, म्हणून त्याला घनतेचं सोयरसुतक नाही. त्याला नडतो दाट फेस, अँटेनावरचा थर, ढवळणीच्या पात्यांचा खोटा इको. फेस नसेल, तर इथे रडारच घ्या.