बायोफिजिक्सचा पेपर घ्यावा का? पूर्ण सेमिस्टर वापरून झाल्यावरचं मत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बीएस्सी-एमएस्सीची मुलं ऐच्छिक विषय भरायची वेळ आली की बायोफिजिक्सबद्दल दोन गोष्टी ऐकून येतात: "सोपा आहे, मार्क पडतात" आणि "गणित आहे, बायोवाल्यांनी लांब राहावं". दोन्ही अर्धवट खरं. प्रॅक्टिकलसकट मिळत असेल तर जरूर घ्या. नुसती थिअरी असेल तर तो पाठांतराचा पेपर होतो, आणि पाठांतरच करायचं तर त्याहून सोपे पेपर यादीत आहेत.

अडचण गणिताची कमी आणि एककांची जास्त आहे. फिजिक्सची मुलं ज्यूल आणि मीटर धरून बसतात, बायोची मुलं किलोज्यूल प्रति मोल सोडत नाहीत, आणि पेशीत घडणाऱ्या गोष्टीला यातलं काहीच सोयीचं नाही. पहिल्या आठवड्यातच एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: खोलीच्या तापमानाला केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीची ऊर्जा) म्हणजे सुमारे 4.1 पिकोन्यूटन-नॅनोमीटर. मग पुढचं झपाझप सुटतं. कायनेसिन या पेशीत माल वाहणाऱ्या मोटर प्रथिनाचं एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, ते थांबवायला 6 पिकोन्यूटनच्या आसपास बल लागतं, म्हणजे एका पावलाचं काम 48 पिकोन्यूटन-नॅनोमीटर, जवळपास 12 केटी. पेशीच्या आतल्या परिस्थितीत एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूतून 20 केटीच्या आसपास ऊर्जा मिळते. कार्यक्षमता किती ते तोंडी सांगता येतं. हेच ज्यूलमध्ये करायला गेलं की दहाचा उणे एकविसावा घात कुठेतरी सुटतो आणि उत्तर हजार पटींनी चुकतं.

विसरणाचं (रेणूंच्या आपोआप पसरण्याचं, डिफ्यूजनचं) उदाहरण प्रत्येकाने एकदा हाताने करावं. लहान प्रथिनाचा पाण्यातला विसरण गुणांक 100 चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरा, एका मितीत वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले 2डी (डी म्हणजे हा गुणांक). 1 मायक्रोमीटरला 5 मिलिसेकंद लागतात. मणक्यापासून पायापर्यंतच्या 1 मीटरच्या चेतातंतूला दीडशे वर्षांहून जास्त! तेच अंतर मोटर प्रथिन साधारण 1 मायक्रोमीटर प्रति सेकंद वेगाने सुमारे बारा दिवसांत कापतं. मोटर प्रथिनं कशासाठी, या प्रश्नाला परीक्षेत दोन पानं लिहिणारे बरेच असतात. या चार ओळी लिहिल्या तरी पुरेत.

पटल विभवाचा (पेशीपटलाच्या आतबाहेरच्या व्होल्टेजच्या फरकाचा) भाग सगळ्यात जास्त मार्कांचा आणि सगळ्यात जास्त चुकांचा. आयनच्या आतबाहेरच्या प्रमाणावरून हे विभव काढणाऱ्या नर्न्स्टच्या सूत्रात नैसर्गिक लॉग की दहा पायाचा लॉग, इथेच निम्मी मुलं घसरतात. दहा पायाचा घेतला तर गुणक 20 अंशाला 58, 25 ला 59 आणि 37 ला 61.5 मिलिव्होल्ट. स्क्विडच्या अक्षतंतूत पोटॅशियम आत 400, बाहेर 20 मिलिमोलर. तापमान 20 अंश. उत्तर उणे 75. इथे 61.5 वापरलं की उत्तर उणे 80 येतं, ते दिसायला बरोबर वाटतं आणि मार्क जातात. क्लोराइडला प्रभार ऋण, म्हणून गुणोत्तर उलटं होतं, हेही दरवर्षी विसरलं जातं.

त्याहून खोल चूक अशी की क्रियाविभव (चेतापेशीतला विजेचा झटपट संदेश) आला म्हणजे आतलं सोडियम-पोटॅशियमचं प्रमाणच पालटलं, असं मुलं लिहितात. पटलाची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) 1 मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर. 100 मिलिव्होल्ट बदलायला दर चौरस सेंटिमीटरला 10 चा उणे सातवा घात कूलॉम, म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे सहा हजार आयन. जाड अक्षतंतूत आतल्या साठ्याच्या मानाने हे नगण्य. हॉजकिन आणि हक्सली यांच्या क्रियाविभवाच्या 1952 च्या समीकरणांवर शिकवणारे बराच वेळ घालवतात, पण हा हिशोब क्वचित फळ्यावर येतो. तुम्हीच करून ठेवा, व्हायवात हमखास उपयोगी.

रामचंद्रन आलेखाचा (प्रथिनाच्या साखळीत कोणते कोन शक्य ते दाखवणाऱ्या आलेखाचा) भाग झटपट उरकतो. मद्रासमधलं 1963 चं काम, पुढे जी. एन. रामचंद्रन आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या आयआयएस्सीत आले. सरावाला युबिक्विटिन या लहान प्रथिनाची 1यूबीक्यू ही फाइल घ्या: 76 अमिनो आम्लं, 1.8 अँगस्ट्रॉम, जुन्या लॅपटॉपवरही जेमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ग्लायसिन वेगळं काढल्याशिवाय "हे बिंदू चुकीच्या जागी का" म्हणून डोकं खाजवू नका. त्याला बाजूची साखळी नसल्यामुळे इतरांना बंद असलेली जागा त्याला मोकळी असते. फाइल घरून उतरवून पेन ड्राइव्हवर आणा, कॉम्प्युटर लॅबच्या नेटवर विसंबू नका.

आता प्रॅक्टिकल. सगळ्यांत भारी ब्राउनियन गतीचं (द्रवातल्या बारीक कणांच्या अखंड थरथरीचं). महागडे पॉलिस्टायरीन मणी नसतील तर दूध चालतं. म्हशीचं ताजं, न उकळलेलं दूध. होमोजिनाइज्ड पाकिटातले मेदकण बहुतेक 1 मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतात, मोजता येत नाहीत. अर्ध्या लिटर पाण्यात दहा थेंब, म्हणजे साधारण हजारपट पातळ. स्लाइडवर थेंब, वर कव्हरस्लिप, आणि चारही कडा व्हॅसलीनने किंवा नेलपॉलिशने बंद. कडा उघड्या राहिल्या तर पाणी उडतं, सगळे कण एकाच दिशेला वाहायला लागतात, आणि सरासरी वर्गविस्थापनाचा आलेख सरळ रेषेऐवजी वर वाकतो. वाकलेली रेष दिसली की आधी सील तपासा, सूत्राला दोष देऊ नका. थोडा प्रवाह राहिलाच तर प्रत्येक फ्रेममधलं सगळ्या कणांचं सरासरी सरकणं वजा करा.

40 पट ऑब्जेक्टिव्ह, आयपीसला मोबाइल. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. उजेड कमी पडला की मोबाइल गुपचूप फ्रेमदर उतरवतो. तुम्ही 30 धरून बसता, प्रत्यक्षात 22 असतो, आणि विसरण गुणांक त्याच प्रमाणात चुकतो. स्टेज मायक्रोमीटरचा व्हिडिओ त्याच झूमवर लगेच घ्या, एक घर 10 मायक्रोमीटर. कण मोजायचं इमेजजे सॉफ्टवेअर एमपी4 सरळ उघडत नाही, आधी एव्हीआय किंवा चित्रमालिका करून घ्या. दर अर्ध्या सेकंदाची एक फ्रेम, किमान तीस कण.

25 अंशाला 1 मायक्रोमीटर व्यासाच्या कणाचा विसरण गुणांक 0.49 चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद यायला हवा. दोन मितींत आलेखाचा उतार त्याच्या चौपट, म्हणजे 2 च्या जवळ. रेष शून्यातून जात नाही म्हणून घाबरू नका; कणाचं केंद्र टिपताना होणारी चूक तिथे अंतर्खंड म्हणून दिसते. उतारच वापरा, एकट्या बिंदूवरून गुणांक काढू नका. मलई वर येते तसे मेदकण कव्हरस्लिपला चिकटून तरंगतात, आणि भिंतीजवळ ओढ वाढते, त्यामुळे उत्तर कमी येतं. फोकस दोन काचांच्या मधोमध ठेवा. व्यास मोजताना कणाभोवती दिसणाऱ्या कड्यामुळे पाव मायक्रोमीटर इकडेतिकडे होतोच, म्हणून गुणांक आणि व्यासावरून काढलेला बोल्ट्झमनचा स्थिरांक 25-30 टक्के चुकला तरी जर्नलमध्ये प्रामाणिकपणे तोच लिहा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच मोजमाप गॅम्बोज या पिवळ्या डिंकाच्या कणांवर केलं. तो डिंक गार्सिनिया प्रजातीतल्या झाडांचा, म्हणजे खानापूरच्या जंगलातल्या कोकमाचाच भाऊबंद.

प्रथिन मोजायचं ब्रॅडफर्ड प्रॅक्टिकल सोपं म्हणून दुर्लक्षिलं जातं. 0.1 मिली नमुना, 5 मिली अभिकर्मक, शोषण 595 नॅनोमीटरला. बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाची मानकं 0.1 ते 1 मिलिग्रॅम प्रति मिली. हलवताना फेस आणू नका, नळी हळू उलटी-सुलटी करा. पाच मिनिटं थांबा आणि सगळी रीडिंग एकाच लयीत घ्या. तासाभरानंतर गाळ बसायला लागतो. ब्लँक पाण्याचा नको, अभिकर्मकाचा घ्या, नाहीतर रेष शून्यातून जात नाही. क्वार्ट्झ क्युव्हेट इथे वापरू नका, रंग चिकटतो आणि सांभाळणारे लॅब असिस्टंट पुढचा महिनाभर तोंड बघत नाहीत. पावसाळ्यात वीज ये-जा करते; दिवा पुन्हा लागल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या आणि शून्य नव्याने लावा.

शोषण 1 च्या वर गेलं तर नमुना पातळ करा. शोषण 2 म्हणजे 1 टक्काच प्रकाश पलीकडे जातो. यंत्रात भटका प्रकाश तेवढाच असेल तर 2 ऐवजी 1.7 दिसतं. शोषण द्रावणाच्या प्रमाणात वाढतं हा बिअर-लॅम्बर्टचा नियम मोडला असा निष्कर्ष जर्नलात दिसतो, तो बहुतेक वेळा यंत्राचा दोष असतो.

ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटरला (द्रवाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजायच्या नळीला) तापमान लिहाच. पाण्याची श्यानता 20 अंशाला 1.00 आणि 30 ला 0.80 मिलिपास्कल-सेकंद, म्हणजे अंशाला दोनेक टक्के. जुलैतलं बेळगाव आणि एप्रिलमधलं बेळगाव यांची रीडिंग एका तक्त्यात घालून चालत नाही. जिलेटिन 1 टक्क्याखालीच ठेवा, नाहीतर गार दिवशी नळीतच घट्ट व्हायला लागतं. कांद्याचा डीएनए काढायला मजा येते, पण त्यात आरएनए आणि प्रथिन राहतं, तेव्हा 260 नॅनोमीटरचं रीडिंग गुणिले 50 असं काढलेलं डीएनएचं प्रमाण फुगलेलंच समजा आणि वितळण्याचा वक्र पसरट येणार हे गृहीत धरा.

गैरसोयी? प्रॅक्टिकल दुपारी लागतं, ट्रॅकिंगला वेळ खातं, आणि लांबून बसने येणाऱ्यांना शेवटची गाडी गाठायची असते. व्हिडिओ कॉलेजात घ्या, मोजणी घरी करा, म्हणजे बराच त्रास वाचतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलेल्यांना विषय समजायला अडचण येत नाही, इंग्रजीत लिहायला वेळ लागतो. आकृती आणि आकडे जास्त, वाक्यं कमी, ही पद्धत इथे मार्कांनाही मानवते. एनएमआर आणि क्ष-किरण स्फटिकशास्त्र अभ्यासक्रमात असतं, पण यंत्र बघायला मिळेलच असं नाही, ते भाग पुस्तकीच राहतात.

जॅम (एमएस्सी प्रवेशाची परीक्षा) किंवा नेटची (प्राध्यापकी-संशोधनाची पात्रता परीक्षा) तयारी करणाऱ्यांना थेट फायदा. फक्त टक्केवारीसाठी पेपर शोधत असाल तर वनस्पतीशास्त्राचा ऐच्छिक बरा. आणि घेतलाच तर फॉर्म भरायच्या आधी विभागात जाऊन दोन प्रश्न विचारा: मायक्रोस्कोपला स्टेज मायक्रोमीटर आहे का, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे की कपाटात आहे.