बर्फाळ झाडांसाठी एफपी४ प्लस: रोल चांगला, पण घाईच्या माणसाचा नाही

काश्मीरच्या चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत, श्रीनगरच्या चिनारांवर आणि पॉपलरवर रात्रीत दव गोठतं. ते कृष्णधवलमध्ये टिपायला आमची पहिली पसंती इल्फर्ड कंपनीच्या एफपी४ प्लस या फिल्मला. वेग, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १२५ आयएसओ. ३५ मिमी आणि त्याहून रुंद १२० रोल, दोन्हीत मिळते.

कारण साधं आहे. गोठलेल्या दवात पांढऱ्यावर पांढरं असतं. काडीच्या कडेला उभे राहिलेले सुईसारखे स्फटिक वेगवेगळे दिसले तरच फोटोत थंडी येते. इल्फर्डच्याच ४०० वेगाच्या एचपी५ प्लसवर, विशेषतः ३५ मिमीत, फिल्मचे कण आणि स्फटिक एकमेकांत मिसळतात. एफपी४वर ते सुटे राहतात.

रोल वाया जातो तो बहुतेकदा मीटरमुळे. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतो, त्यामुळे पांढरी फांदी मळकट येते. उन्हातल्या दवावर स्पॉट मीटर (छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) धरा आणि दोन स्टॉप जास्त द्या; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. लेन्सचं छिद्र एफ/८ असताना मीटर १/२५० सेकंद म्हणत असेल, तर १/६० ठेवा. शंका आली तर जास्तच द्या. सहा स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी फिल्म चालते, कमी मात्र दोनच स्टॉप सहन करते, असं कंपनीच सांगते.

लाल फिल्टर सरसकट लावू नका. निळ्या आकाशापुढे उन्हातली फांदी त्याने झळकते खरी, पण सावलीतल्या दवावर आकाशाचाच निळा उजेड पडलेला असतो, आणि लाल फिल्टर तोही काळवंडून टाकतो. नारिंगी पुरे, त्यासाठी दोन स्टॉप वाढवा. धुक्यात आकाश पांढरंच असतं. तिथे फिल्टर काढूनच ठेवा.

या फिल्मची खरी अडचण तिचा कमी वेग. धुक्याच्या सकाळी एफ/११ला शटर १/१५पर्यंत उतरतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की बारीक काड्या पुसट होतात. ट्रायपॉड हवाच. वारा थांबतच नसेल तर एचपी५ घाला आणि कण स्वीकारा.

डेव्हलपिंगला आयडी-११ हे डेव्हलपर, १+१ (एक भाग द्रावण, एक भाग पाणी), २० अंशांना ११ मिनिटं. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा, पुढे दर मिनिटाला तेच. पूर्ण रोल धुक्यातला असेल तर १३ मिनिटं द्या, नाहीतर निगेटिव्ह मिळमिळीत येते. मुंबईसारख्या उष्ण ठिकाणी नळाचं पाणी हिवाळ्यातही २० अंशांच्या वर असतं. तिथे बाटल्या बर्फ घातलेल्या टबात ठेवून २० अंशांवर आणा. बर्फ द्रावणात टाकू नका, प्रमाण बिघडतं. शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

कडाक्याच्या थंडीत फिल्म कडक होते. फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर झटक्याने ओढला तर कडेची भोकं फाटतात, किंवा स्थिर विजेची ठिणगी पडून निगेटिव्हवर झाडाच्या मुळांसारख्या काळ्या रेघा येतात. सावकाश ओढा. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका. नाहीतर खोलीतल्या हवेतली वाफ लेन्सवर आणि फिल्मवर जमते, आणि ओलसर फिल्म गुंडाळली की थर एकमेकांना चिकटतात.