पफ पॅनेलच्या नावाखाली थर्माकोल: आमच्या गच्चीवर झालेली फसवणूक

धायरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आईची खोली आहे. वर साधे पत्रे. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे बसवत नाही आणि वळवाची सर आली की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून यंदा पावसाळ्याआधी पत्रे काढून 50 मिलिमीटरचे पफ पॅनेल टाकायचं ठरवलं. दोन पत्र्यांच्या मधे पॉलियुरेथेनचा फोम असतो, तो उष्णता अडवतो.

ओळखीतून आलेल्या फॅब्रिकेटरने नमुना हातात दिला. फिकट पिवळा, घट्ट. 300 चौरस फुटांचे 240 रुपयांच्या दराने 72,000 ठरले, 50,000 आगाऊ दिले. माल अंधार पडताना आला, कडांना पत्र्याच्या पट्ट्या आधीच ठोकलेल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतेपर्यंत सगळं चढवून झालं होतं. मी उरलेले पैसे दिले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात देवघराच्या कोपऱ्यात पाणी आलं. तो फोन उचलेना. दुसऱ्या कारागिराने वर जाऊन पाहिलं तर स्क्रू पॅनेलच्या उंचवट्यावर मारायचे ते पन्हळीत मारलेले, म्हणजे पाणी वाहतं तिथेच, आणि त्यांना रबरी वॉशरही नाहीत. मग त्याने कडेची पट्टी उचकटली. आतून पांढरे दाणे गळून गच्चीभर उडाले. थर्माकोल होतं ते.

मी 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून, पत्रा सोडवून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 8 ग्रॅम. पफची घनता घनमीटरला साधारण 40 किलो असते, त्या हिशेबाने एवढा तुकडा 20 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. हे वजन माल उतरवताना कुणालाही करता येतं. दाणे दिसले तर तेवढ्याचीही गरज नाही, पफला दाणे नसतात. पट्टी लावलेली असेल तर समोर काढायला लावा, तो कितीही कुरकुरला तरी.

पैसे गेले त्याहून मला एका गोष्टीचा संताप आहे. पफही पेटतो, पण तो काळा पडून कोळसा होतो. थर्माकोल वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. त्या छपराखाली आई रोज समई लावत होती. हे त्या माणसाला माहीत नसेल? देवघर कुठे आहे ते त्याने स्वतः पाहिलं होतं.

जीएसटीचं बिल मी घेतलं नाही. पावतीवर फक्त ‘शेड काम’ लिहिलंय, ‘पफ’ हा शब्द कुठेच नाही. तो आहे फक्त त्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये, दर आणि जाडीसकट. ते मेसेज जपून ठेवलेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, तिथल्या अर्जाची कागदपत्रं जमवतोय. तुमच्या बिलावर पॅनेलचा प्रकार, जाडी आणि घनता लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता एक मोठा पाऊस पडून गेल्याशिवाय देऊ नका.

आई सध्या खाली हॉलमध्ये झोपते. देव मात्र वरच आहेत. सकाळी पूजेला वर जाते, समई खाली आणून लावते.