गड्ड्यापासून श्रावणापर्यंत: आठ महिने हँडीकॅम वापरताना

डिसेंबरात सोनीचा एफडीआर-एएक्स१०० सेकंडहँड घेतला. हातात मोबाईल असताना हँडीकॅम कशाला, असं घरात प्रत्येकानं विचारलं. उत्तर महिन्याभरात सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात मिळालं. अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह; तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याच्या जवळ जायला मिळणं कठीणच, मी गर्दीत पार मागे. तिथून १२ पट ऑप्टिकल झूम लावला, तर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच सजवलेली काठी, पेलणाऱ्याच्या मनगटावरच्या शिरा दिसल्या आणि चित्र फुटलं नाही.

पण त्या दिवसाचं निम्मं शूटिंग वाया गेलं. कॅमेरा ऑटोवर होता. भर उन्हात मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) नुसत्या पांढऱ्याफेक आल्या, कापडाची चुणीसुद्धा दिसेना. तेव्हापासून झेब्रा चालूच असतो: जिथे उजेड जास्त, तिथे स्क्रीनवर पट्टे येतात. मग एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, उतरवायचं, किंवा कॅमेऱ्यातलाच एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावायचा. सोलापूरच्या उन्हात या फिल्टरचं मोल फार आहे.

घेताना सगळे 'फोर के आहे का' विचारतात. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, केवढा आहे ते आधी विचारा. यात १ इंची आहे, साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. १/२.५ इंची या लहान सेन्सरच्या चौपटीहून मोठा. रात्री होम मैदानावर आभाळ काळंच राहिलं, अंधारात चित्रावर येतात ते दाणे फार कमी.

मामांच्या चादरीच्या कारखान्यात मात्र वेगळीच अडचण. ट्यूबलाइटखाली चित्रात काळसर पट्टे सरकायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्याच तालात लुकलुकते, म्हणून शटर (एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंदावर बांधलं आणि पट्टे गेले. मागावर धावणारा धोटा तेवढा पुसट दिसतो; पण चादरीवर नक्षी धाग्याधाग्यानं चढताना इतकी स्वच्छ आली की मामांनी ती क्लिप तीनदा लावायला सांगितली.

कार्डात पैसे वाचवू नका. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट, फोर केची वरची सेटिंग) तासाला ४५ जीबी लागतात, ६४ जीबीत जेमतेम सव्वा तास. स्वस्तातलं एक कार्ड मामेबहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना थांबलं. ते क्षण परत येणार नाहीत, त्याची हळहळ अजून आहे. आता यू३ खूण असलेलं, म्हणजे वेगानं लिहिणारंच कार्ड घेतो. वाऱ्यासाठी बाहेरचा माइकही लावतो.

सेकंडहँड बघायला गेलात तर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूम लावून पाच मिनिटं शूट करा आणि घरच्या टीव्हीवर बघूनच पैसे द्या.