वायरी चुकीच्या पिनांना होत्या, तरी मी पैसे पाठवले

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायच्या वायरलेसच्या, किटमध्ये एका विक्रेत्यानं मला फसवलं. एकूण ७,४५० रुपये. आधी किटचे ४,९५०, मग 'जुळवून, ट्यून करून देतो' म्हणून २,५००. चाळीस मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) घरी बनवायच्या सेटसाठी नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एसआय५३५१ (फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप), ओएलईडी डिस्प्ले आणि शेवटच्या स्टेजला दोन आरडी१६एचएचएफ१ पॉवर ट्रान्झिस्टर. निपाणीत यातलं काय मिळतंय? आणि स्वस्ताला भुललो नाही, हे सांगून ठेवतो. भाव बाजारासारखाच होता, म्हणून तर संशय आला नाही.

आला नाही म्हणजे, आला होता. त्याच्या व्हिडिओत डिस्प्लेवर ७.१०० झळकत होतं आणि एसआय५३५१च्या एसडीए-एससीएलच्या (डेटा आणि क्लॉकच्या, म्हणजे आयटूसी जोडणीच्या) वायरी नॅनोच्या डी२-डी३ पिनांना! असायला हव्यात त्या ए४-ए५ला नाही. हे मी स्वतः भाच्याला दहादा शिकवलंय. पण मनात काय आलं? 'आयटूसी सॉफ्टवेअरनं कुठल्याही पिनांवर काढता येतो, गडी हुशार दिसतोय.' त्याची वकिली मीच केली! बँडवर या, रेडिओवरून बोला म्हटलं, तर म्हणे पावसामुळं अँटेना उतरवलीय. त्यानं दिलेला कॉलसाइन (परवानाधारक हॅमची हवेवरची ओळख) दुसऱ्याच एका आजोबांचा निघाला, त्यांना पत्ताही नाही. कॉलसाइन काय, कुणीही टाइप करतो. हवेवर आवाज ऐकल्याशिवाय रुपया सोडू नका.

पार्सल आलं. नॅनो चालू. जोडलेल्या चिप शोधणारा स्कॅनर प्रोग्राम लावला, तर डिस्प्लेचा ३सी पत्ता दिसला, एसआय५३५१चा ६० गायब. ट्रान्झिस्टरवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला, अक्षरं बोळ्यावर आली, म्हणजे नाव नकली छापलेलं. डबा उघडताना व्हिडिओ घ्या. मी घेतला नव्हता.

बँक म्हणाली, पैसे पाठवायचा पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात तर कमालच. हॅम रेडिओ म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला, आणि साहेबांचा पहिला प्रश्न, "वायरलेस घरात ठेवता? लायसन्स कुठाय?" दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन घेतलेलं लायसन्स दाखवलं, तर त्याचा नंबर वहीत उतरवला. भामट्याचा फोन नंबर उतरवायचा राहिलाच! अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले, आणला. मग म्हणे माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिकडं गेलो, तर आधार कार्ड बघून, "तुम्ही कर्नाटकातले की हो, तिथंच द्या." सीमाभागातल्या माणसाची तक्रार नेमकी कुठल्या मातीत पुरायची?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मी लाजेपोटी चार दिवस बायकोलाही बोललो नाही. आणि जुळवणीचे पैसे आगाऊ मागितले की तिथंच थांबा.

टायपिंग आणि झेरॉक्सचे १८० रुपये वेगळे गेले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.